डेस्कटॉप ॲपसाठी नेटिव्ह टूलकिट की नॉन-नेटिव्ह? निवड कशी करायची

मोबाईलवर ॲप उघडलं, बटण दाबलं, काम झालं. ते बटण स्क्रीनवर काढतं कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पण लॅपटॉपसाठी स्वतःचं पहिलं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं की तो लगेच समोर येतो.

बटण, मेनू, टेक्स्ट बॉक्स, स्क्रोलबार असे तयार भाग देणाऱ्या लायब्ररीला यूआय टूलकिट म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

नेटिव्ह टूलकिट

यात ॲप ऑपरेटिंग सिस्टीमचीच बटणं वापरतं. विंडोजवर विनयूआय, मॅकवर ॲपकिट. १९९२ मध्ये सुरू झालेलं डब्ल्यूएक्सविजेट्स एकाच कोडमधून प्रत्येक सिस्टीमची मूळ बटणं दाखवतं. ऑडॅसिटी हा ऑडिओ एडिटर अनेक वर्षं त्याच्यावरच चालला. लिनक्सवर मात्र 'नेटिव्ह' असं एकच काही नाही. जीनोममध्ये जीटीके घरचं वाटतं, तर केडीईमध्ये क्यूटी.

नॉन-नेटिव्ह टूलकिट

यातही दोन गट आहेत:

- स्वतः चित्र काढणारे: क्यूटी, फ्लटर, जावाचं स्विंग. सिस्टीमकडून फक्त खिडकी घ्यायची, आतलं सगळं स्वतः रंगवायचं. क्यूटी त्या-त्या सिस्टीमच्या रूपाची नक्कलही करतं.
- ब्राउझरवर चालणारे: इलेक्ट्रॉन. गिटहबने २०१३ मध्ये ॲटम एडिटरसाठी याची सुरुवात केली. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड यावरच आहेत. वेबचं ज्ञान पुरतं, पण प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम सोबत घेऊन येतं, त्यामुळे साइझ आणि रॅम दोन्ही वाढतात. टॉरी सिस्टीममधलाच वेबव्ह्यू वापरतं, म्हणून त्याची फाईल बरीच लहान असते.

माझी चूक

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एका छोट्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर केलं. गेम टूल्ससाठी बनवलेलं एक हलकं टूलकिट घेतलं. दिसायला झकास! पण 'विश्वास' लिहिलं की वेलांटी 'व'च्या मागे जायची आणि 'श्व' तुटायचा. ग्रंथपाल काका शांतपणे म्हणाले, "अरे, पुस्तकाचं नावच नीट वाचता येत नाही, मग शोधायचं कसं?" स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका ताईंना तर ती खिडकी रिकामीच होती. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

कारण साधं आहे. साठवताना आधी 'व' असतो, मग वेलांटी. दाखवताना ती 'व'च्या आधी आणणं, जोडाक्षरं जुळवणं हे काम टेक्स्ट शेपिंग इंजिन करतं. नेटिव्ह बटणांना ते सिस्टीमकडून फुकट मिळतं, स्क्रीन रीडरची सोयही तशीच. स्वतः चित्र काढणाऱ्या टूलकिटला दोन्ही वेगळं बांधावं लागतं. क्यूटी, फ्लटर आणि क्रोमियम शेपिंगसाठी हार्फबझ वापरतात, म्हणून तिथे मराठी नीट दिसतं. डिअर इमगुईसारख्या टूलकिटमध्ये मुळात ना शेपिंग आहे, ना स्क्रीन रीडरची सोय.

मग काय निवडायचं?

- एकाच सिस्टीमसाठी छोटं, हलकं ॲप: नेटिव्ह.
- तिन्ही सिस्टीम, छोटी टीम, वेब येतं: टॉरी किंवा इलेक्ट्रॉन.
- ग्राफ, व्हिडिओ, नकाशे असं जड चित्रकाम: क्यूटी. त्याचं लायसन्स मात्र आधी वाचा.

पक्कं करण्याआधी एक तास द्या

एक खिडकी, एक टेक्स्ट बॉक्स आणि दोन बटणं एवढंच बनवा. मग:

१. 'विश्वास, क्षत्रिय, दऱ्या, सूर्य' टाईप करा आणि बॅकस्पेसने खोडून बघा.
२. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने सगळीकडे जाता येतंय का ते पाहा.
३. विंडोजवर नॅरेटर, मॅकवर व्हॉइसओव्हर सुरू करून डोळे मिटून वापरा.
४. तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर चालवून रॅम मोजा.

यात पास होईल ते टूलकिट घ्या, मग ते नेटिव्ह असो वा नसो. वापरणाऱ्याला टूलकिटचं नाव कधीच कळत नाही. त्याला त्याचं काम झालं की नाही, एवढंच कळतं.