एक यंत्र, अनेक वाटा, एकच क्रमांक



आपल्या पाल्याचा जनरल रजिस्टर क्रमांक किती, असे पालकसभेत विचारले की बहुतेक पालक एकमेकांकडे पाहू लागतात. हजेरीतला क्रमांक मुलांना पाठ असतो; पण तो वर्ग बदलला की बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मूल त्या शाळेत असेपर्यंत तोच राहतो. हा भेद ध्यानात ठेवा. आपल्या हातातल्या मोबाइलमागे जो इतिहास आहे, तो याच भेदाचा आहे.

पहिला टप्पा आपल्या परिचयाचा आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचे विद्वानही होते. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, यामुळे पत्रे वाट चुकत. आपली वडवणी आणि मध्य प्रदेशातील बडवानी यांचेच पाहा. दोहोंच्या पिनचा पहिला आकडा 4; पण दुसऱ्या आकड्यापाशी वाटा फुटतात. आपला 431144, तर त्यांचा 45 ने सुरू होणारा. मात्र पिन हा ठिकाणाचा क्रमांक होय. माणूस गाव सोडून गेला की त्याचा पिन बदलतो.

दुसऱ्या टप्प्यात प्रश्न आला तो यंत्रांचा. 1973 साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात संगणक एकमेकांना जोडणारे ‘इथरनेट’ जाळे जन्मास आले. त्यात पत्त्यासाठी अवघे 8 बिट होते, म्हणजे फक्त 256 क्रमांक. एका मोठ्या शाळेच्या पटालाही ते पुरले नसते! पुढे 1980 साली प्रसिद्ध झालेल्या इथरनेटच्या नियमांत 48 बिटांचा क्रमांक आला. त्यातून सुमारे 281 लाख कोटी क्रमांक निर्माण होतात. अर्धा भाग कारखानदारास वाटून दिला जातो, उरलेला अर्धा तो आपल्या प्रत्येक यंत्रास देतो. त्यामुळे दोन कारखान्यांतून एकच क्रमांक निघत नाही.

या क्रमांकामागचा विचार 1981 साली एका निबंधात मांडला गेला. त्याचे एक लेखक योगेन दलाल हे पवईच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: क्रमांकाने यंत्र कोठे आहे हे सांगू नये, ते कोणते आहे एवढेच सांगावे. यंत्र एका जाळ्यातून दुसऱ्यात गेले, किंवा एकाच वेळी दोन जाळ्यांना जोडले, तरी त्याचा क्रमांक एकच असावा. पुढे व्यवहारात मात्र हा क्रमांक यंत्राऐवजी त्याच्या प्रत्येक जोडणीस चिकटला. वायरची जोडणी एका क्रमांकाची, वाय-फायची दुसऱ्या.

तिसरा टप्पा आजचा. ‘वाय-फाय 7’ या पिढीची प्रमाणपत्रे 2024 पासून मिळू लागली. या पद्धतीचे यंत्र 2.4, 5 आणि 6 गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यांपैकी एकाहून अधिक वाटा एकदम जोडून ठेवू शकते. एका वाटेवर गर्दी झाली तर माहिती दुसरीवरून धाडता येते. पण प्रत्येक वाटेचा पत्ता निराळा असल्याने, एकच यंत्र दोन वाटांनी बोलू लागले तर ती दोन यंत्रे वाटावयाची आणि निरोपाचे तुकडे जुळावयाचे नाहीत. म्हणून वाटांच्या पत्त्यांवर सबंध यंत्राचा एक पत्ता ठेवला गेला. पुढच्या जाळ्याला तोच दिसतो. शिवाय जोडणी देताना वाय-फायचे केंद्र त्या यंत्रास जो हजेरी क्रमांक देते, तोही सर्व वाटांवर मिळून एकच. चाळीस वर्षांपूर्वीचा विचार असा पुन्हा कामी आला.

आता हे सारे आपणांस का सांगावे? आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मूलही जाते, कारखान्याजवळच्या शाळेत बसते, उन्हाळ्यात परत येते. असा एक विद्यार्थी माझ्याकडे होता. एका दाखल्यावर ‘शेख’ नावाच्या आधी, दुसऱ्यावर नंतर, जन्मतारखेतही फरक. कागदोपत्री एका मुलाची दोन मुले झाली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. मुलगा हुशार होता. चूक त्याची नव्हती; त्याच्या दोन वाटांवर एक ओळख कोणी ठेवली नव्हती.

शासनाने 2015 साली ‘सरल’ प्रणालीतून विद्यार्थ्यास स्वतःचा क्रमांक दिला, तो याच गरजेपोटी. तेव्हा पालकहो, गाव सोडण्यापूर्वी शाळेत या, पाल्याचा क्रमांक लिहून घ्या, नाव आणि जन्मतारीख एकदा वाचून पाहा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. नव्या शाळेत तोच क्रमांक दाखवा. पण तो जपूनही ठेवा, वाटेल त्याला देऊ नका. पाळत टाळण्यासाठी मोबाइलसुद्धा हल्ली अनोळखी ठिकाणी आपला खरा क्रमांक झाकून बदलता क्रमांक पुढे करतात!

विद्यार्थी मित्रहो, वाटा अनेक असोत, कारखान्याची, वसतिगृहाची, उद्या परदेशाचीही. तुमच्या शिक्षणाची नोंद मात्र एकच आणि अखंड राहो.