निकालाआधीचा निकाल

१९७८ च्या दिवाळीआधी आमच्या घरी सुमीत मिक्सर आला. आईने पाटा-वरवंटा उचलून मागच्या पडवीत ठेवला आणि त्यानंतर घरात ‘मिक्सर’ हा शब्द जवळजवळ हद्दपार झाला. ‘चटणी सुमीतवर काढ’ असेच सगळे म्हणत. पुढे मी वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा शिकवू लागलो. एका दुपारी ग्रंथालयात निकालपत्रांचा खंड चाळताना हेच नाव समोर आले. पॉवर कंट्रोल अप्लायन्सेस विरुद्ध सुमीत मशीन्स, सर्वोच्च न्यायालय, १९९४. आईच्या ओट्यावरच्या त्या यंत्राचे नाव नेमके कोणाचे, यावर दोन कंपन्या दिल्लीपर्यंत भांडल्या होत्या.

निकालपत्र वाचून संपल्यावर एक गोष्ट लक्षात आली. इतका काथ्याकूट होऊनही तो अंतिम निकाल नव्हताच. मूळ दावा अजून चालायचा होता, साक्षी व्हायच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयात भांडण चालले होते ते एवढ्यापुरतेच : दावा संपेपर्यंत ते नाव कोणी वापरायचे?

तेव्हापासून मी असे निकाल जमवत गेलो. व्यापारचिन्हाच्या भांडणात अंतरिम हुकूम हाच बहुतेक वेळा खरा निकाल ठरतो, हे हळूहळू माझ्या ध्यानात आले. ते कसे घडते आणि त्यात काय पणाला लागते, ते या लेखात सांगायचे आहे.

तीन प्रश्न

दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९, नियम १ आणि २ यांखाली न्यायालय तात्पुरता मनाई हुकूम देते. तो मागणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. प्रथमदर्शनी तुझ्या म्हणण्यात तथ्य दिसते का? हुकूम दिला तर समोरच्याची आणि न दिला तर तुझी, यांत कोणाची गैरसोय अधिक? आणि आज हुकूम मिळाला नाही तर होणारे नुकसान नंतर पैशाने भरून निघेल का?

शेतजमिनीच्या दाव्यात ‘जैसे थे’ राहा म्हटले की जमीन जागेवरच राहते. दावा वीस वर्षे चालला तरी बांध उठून चालू लागत नाही. नावाचे तसे नसते. नाव वापरले तर वाढते, नाही वापरले तर विसरले जाते आणि दोघांनी वापरले तर पातळ होते. म्हणून नावाच्या दाव्यात ‘जैसे थे’ म्हणजे नेमके काय, हे ठरवणेच अवघड होऊन बसते.

या प्रश्नावरचा आपल्याकडचा पायाभूत निकाल कॅल्शियमच्या गोळ्यांवरून झाला. ‘कॅल-डी-सी’ हे नाव वँडर लिमिटेड या कंपनीच्या नावे नोंदलेले होते. १९८६ मध्ये तिने अँटॉक्स या कंपनीशी करार करून गोळ्या बनवण्याचे काम तिला दिले. पुढे बिनसले. १९८८ मध्ये वँडरने करार मोडला आणि काम तिसऱ्याकडे सोपवले. अँटॉक्स मद्रास उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की गोळ्या आम्ही बनवल्या, बाजारात आम्ही आणल्या, तेव्हा नाव आमचे. एका न्यायमूर्तींनी मनाई नाकारली, खंडपीठाने ती दिली आणि एप्रिल १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा हुकूम रद्द केला.

त्या छोटेखानी निकालातली दोन सूत्रे आजही रोज उद्धृत होतात. एक, खालच्या न्यायमूर्तींनी तारतम्याने हुकूम दिला असेल, तर केवळ आपले मत वेगळे पडते म्हणून अपिलात तो फिरवायचा नाही. लहरीने किंवा कायद्याचे तत्त्व डावलून दिला असेल तरच हात घालायचा. दोन, प्रतिवादीचा धंदा अजून सुरू व्हायचा आहे की तो आधीच जोमात चालू आहे, हे पाहायचे. न रुजलेले रोप थांबवणे वेगळे आणि फळाला आलेले झाड तोडणे वेगळे. पहिल्या सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा, की पहिल्या न्यायालयातल्या त्या पहिल्या काही सुनावण्यांनाच सारे महत्त्व येते. तिथे हरलेला पुढे क्वचितच सावरतो.

एक नाव, एक उगम

सुमीतची जन्मकथा अनेकांना ठाऊक असेल. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातला जर्मन मिक्सर जळाला. परदेशी पेये आणि केक डोळ्यांसमोर ठेवून केलेले ते यंत्र, आपल्या डाळीतांदळापुढे टिकले नाही. पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून माथूर यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल असे यंत्र बनवले. १९६३ पासूनचा हा उद्योग वाढला, त्याला शाखा फुटल्या, आणि मग एकाच घरातल्या दोन कारभारांत नावावरून तंटा लागला.

सुमीत मशीन्सचा मुख्य बचाव असा, की आम्ही हे नाव तुमच्या डोळ्यांदेखत वापरत आलो, तेव्हा तुमची संमती होतीच. हा बचाव आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबाला ओळखीचा वाटेल. धंदा सगळ्यांचा असतो तेव्हा नाव कोणाचे, हे कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र निक्षून सांगितले, की नुसते गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे. दुसऱ्याला त्या नावावर पैसा ओतू देणे, त्याला तसे उत्तेजन देणे, अशी काही ठोस कृती दिसली पाहिजे. आणि व्यापारचिन्हाला उगम एकच, मालकही एकच. हुकूम मूळ कंपनीच्या बाजूने गेला. घर दुभंगले तरी नाव दुभंगता येत नाही, असाच त्याचा अर्थ.

कागद की वापर?

यापुढचे प्रकरण माझे विद्यार्थी सर्वांत आवडीने ऐकत, कारण त्यात नोंदणीचा कागद हातात असलेला पक्ष हरतो. व्हर्लपूल या अमेरिकी कंपनीने १९५६-५७ मध्ये भारतात आपले नाव नोंदवले होते. आयातीवरची बंधने पुढे इतकी कडक झाली की माल विकायला वावच उरला नाही आणि १९७७ मध्ये नोंदणी नूतनीकरणाअभावी संपली. १९८६ मध्ये चिनार ट्रस्टने तेच नाव वॉशिंग मशीनसाठी आपल्या नावे नोंदवण्याचा अर्ज केला. व्हर्लपूलने हरकत घेतली, ती १९९२ मध्ये फेटाळली गेली आणि ट्रस्टला प्रमाणपत्र मिळाले. दरम्यान व्हर्लपूल टीव्हीएसबरोबर भागीदारी करून भारतात परतली होती. १९९४ मध्ये चिनारच्या ‘व्हर्लपूल’ मशीनची जाहिरात तिच्या पाहण्यात आली आणि ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

कागद पाहिला तर मालक चिनार. तरीही ऑक्टोबर १९९४ मध्ये अंतरिम मनाई मिळाली ती व्हर्लपूलला. खंडपीठाने ती कायम केली आणि ३० ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. कारण असे, की नोंदणीने हक्क मिळतो खरा, पण दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवू नये हा त्याहून जुना नियम आहे आणि नोंदणीमुळे तो पुसला जात नाही. माल इथे विकला जात नसतानाही परदेशी मासिकांतल्या जाहिरातींतून नावाचा लौकिक इथवर पोचला होता. आणि एवढी नावे असताना चिनारला नेमके हेच का सुचले, याचे पटण्याजोगे उत्तर मिळाले नाही. सोयीचे पारडेही स्पष्ट होते. चिनारला यंत्रावरची नावाची पट्टी बदलून तेच यंत्र विकता येणार होते. व्हर्लपूलचा गेलेला लौकिक मात्र पट्टी बदलून परत येणारा नव्हता.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. तरी वर्गात एक विद्यार्थी दरवर्षी विचारायचाच : सर, सरकारने शिक्का मारून दिलेल्या कागदाला मग काय किंमत? मी सांगायचो, किंमत आहेच. पण तो कागद जमिनीच्या सातबाऱ्यासारखा आहे. महत्त्वाचा पुरावा, शेवटचा शब्द नव्हे.

एकही बाटली न विकता

काही वेळा धंदा सुरू होण्याआधीच हुकूम येतो. १९९३ मध्ये मुंबईच्या पार्ले समूहाने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांच्यासह ‘माझा’ हे नाव भारतापुरते कोका-कोलाला विकले. २००८ मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात ‘माझा’च्या नोंदणीसाठी अर्ज केला. विक्री करणाऱ्या कंपनीचा वारसा बिसलेरी इंटरनॅशनलकडे आला होता. तिने नोटीस पाठवली : तुम्ही भारताबाहेर हात घातला, तेव्हा आता भारतातही हे नाव आम्ही वापरू. कोका-कोला दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी तिला मनाई हुकूम मिळाला. वर्षभराने, ऑक्टोबर २००९ मध्ये, तो कायम झाला. बाजारात बिसलेरीची एकही बाटली आली नव्हती. तरीही धमकी खरी असेल तर न्यायालय आधीच अडवू शकते, आणि भारतात माल बनवून नुसता निर्यात करणे हाही इथे नावाचा वापरच, असे न्यायालयाने म्हटले.

तात्पुरते किती काळ?

आता या व्यवस्थेतली दुखरी जागा. सप्टेंबर २००९ मध्ये पंधरा दिवसांच्या आत सर्वोच्च न्यायालय दोनदा यावर बोलले. तांदळाच्या व्यापारचिन्हावरच्या एका प्रकरणात त्याने सांगितले, की व्यापारचिन्ह, पेटंट, कॉपीराइट यांचे दावे रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत निकालात काढा. पुण्याच्या बजाज ऑटोचा टीव्हीएसशी दुचाकीच्या इंजिनाच्या पेटंटवरून वाद होता. त्यात न्यायालयाने खंत व्यक्त केली, की असे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पक्षकार लढतात ते फक्त अंतरिम हुकुमासाठी. तो दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत संपवा, असेही बजावले. प्रत्यक्षात तो वाद मिटला २०१९ मध्ये, दोघांच्या तडजोडीने.

बजाज आणि टीव्हीएस यांना दहा वर्षे परवडतात. सगळ्यांना परवडत नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी मसाल्याच्या धंद्यात होता. चुलत भावांत वाटण्या झाल्या, प्रत्येकाने आपापली प्रायव्हेट लिमिटेड काढली आणि आजोबांच्या नावाचा मसाला दोघेही विकू लागले. नवरात्रात मोठ्या भावाच्या कंपनीने दावा लावला. समोरच्याला न ऐकताच मनाई मिळाली. अशा एकतर्फी हुकुमानंतर तीस दिवसांत दुसऱ्या बाजूचे ऐकून निर्णय देण्याचा प्रयत्न करावा, असे नियम ३-अ सांगतो. त्याच्याबाबतीत तारखांवर तारखा पडल्या. ऐन दिवाळीचा माल छापील पाकिटांत भरून गोदामात पडून राहिला. पुढच्या वर्षी त्याने नव्या नावाने सुरुवात केली. मूळ दावा साक्षीपुराव्याला आला, तोवर त्याच्या दुकानदारांनी दुसरे पुरवठादार धरले होते.

चुकीच्या मनाईबद्दल भरपाई मिळत नाही का? मिळते. संहितेच्या कलम ९५ खाली पुरेशा कारणाविना मनाई मिळवणाऱ्याकडून न्यायालय भरपाई देववू शकते. तिची कमाल मर्यादा आहे ५०,००० रुपये. यापेक्षा अधिक हवे तर स्वतंत्र दावा लावायचा, म्हणजे पुन्हा तितकीच वर्षे.

अंतरिम हुकूमच नको, असे मी म्हणणार नाही. तो नसता तर व्हर्लपूलचे नाव दुसऱ्याच्या यंत्रावर चिकटून राहिले असते आणि पाच-सात वर्षांनी मिळालेला विजय कागदावरच राहिला असता. माझी तक्रार ‘तात्पुरता’ या शब्दाबद्दल आहे. चार महिन्यांचा तात्पुरता हुकूम ही सोय असते, दहा वर्षांचा तात्पुरता हुकूम ही शिक्षा असते, आणि ती भोगणारा दोषी आहे की नाही हे अजून ठरलेलेच नसते. एकतर्फी हुकुमाला तीस दिवसांची मुदत कसोशीने पाळणे आणि मनाई मागणाऱ्याकडून नुकसानीच्या हमीची भरीव रक्कम आधीच घेणे, या दोन गोष्टी आजच्या कायद्यात बसतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तो विद्यार्थी अधूनमधून भेटतो. नव्या नावाचा मसाला आता बरा चालतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाबरोबर त्याने दोन पाकिटे पाठवली. पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत, व्यापारचिन्हाचा नोंदणी क्रमांक होता. दाव्याचे काय झाले, असे मी फोनवर विचारले. तो म्हणाला, “सर, पुढची तारीख जानेवारीत आहे.”