रंग बदलणाऱ्या खणाची कुळकथा

स्प्रेडशीटच्या एखाद्या खणातील आकड्याने ठरवून दिलेली अट पूर्ण केली की त्या खणाचा रंग आपोआप बदलतो; ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ या नावाने कचेऱ्यांतून रोज वापरल्या जाणाऱ्या या सोयीचे कूळ शोधू गेल्यास ते संगणकाच्या कितीतरी मागे जाते आणि तेथे त्याला दोन फाटे फुटलेले दिसतात.

पहिला फाटा लाल शाईचा. जमाखर्चात तूट किंवा ऋण शिल्लक लाल शाईने लिहिण्याची युरोपीय हिशेबनिसांची रीत आणि आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकात नापास विषयाच्या गुणांखाली ओढली जाणारी लाल रेघ या एकाच जातीच्या आहेत, कारण दोन्हींत रंग निवाडा देतो: आकडा मर्यादेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो. दुसरा फाटा छटांचा. शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये फ्रान्सच्या नकाशावर शिक्षणाचा प्रसार फिकट-गडद छटांनी दाखवला. पुढे १८७३ मध्ये तूसँ लुआ यांनी पॅरिसच्या २० विभागांतील लोकसंख्येची वैशिष्ट्ये दाखवणाऱ्या ४० नकाशांचे सार एकाच तक्त्यात आणले आणि त्याचे खण पांढरा, पिवळा, निळा व लाल अशा चढत्या क्रमाने रंगवले. नकाशाचा आकार सोडून देऊन केवळ ओळी आणि स्तंभ रंगवण्याचे लुआ यांचे धाडस या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे मानावे लागेल.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे संगणकावरचे स्प्रेडशीट १९७९ मध्ये आले, तेव्हा आकडेमोड आपोआप होऊ लागली. पुढे एक्सेलमध्ये अंकांचा साचा, म्हणजे आकडा कसा छापला जावा हे सांगणारी सूत्रवजा ओळ, अर्धविरामांनी चार भागांत विभागून धन, ऋण, शून्य आणि मजकूर यांना वेगवेगळे रूप देता येई आणि ऋण भागापुढे चौकटी कंसात लाल रंगाचे नाव लिहिले की तुटीचे आकडे लाल दिसत. हिशेबनिसाची लाल शाई ती हीच. मात्र त्यामुळे अक्षरांचा रंग बदले, खणाची पार्श्वभूमी नाही.

ती उणीव एक्सेल ९७ ने भरून काढली. नव्या सोयीत एका खणाला जास्तीत जास्त तीन अटी लावता येत आणि अटीच्या जागी सूत्रही चाले. या सूत्राच्या मुभेतच तिचे खरे सामर्थ्य होते. ‘सी’ स्तंभात गणिताचे गुण असतील आणि ३५ हून कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची संपूर्ण ओळ रंगवायची असेल, तर संपूर्ण तक्ता निवडून सूत्रात ‘सी’ अक्षरापुढे डॉलरचे चिन्ह ठेवावे लागते, ओळीच्या क्रमांकापुढे मात्र ठेवायचे नसते; असे केल्याने प्रत्येक खण आपापल्या ओळीतील गणिताचेच गुण पाहतो. डॉलर चुकला की भलतेच विद्यार्थी रंगतात. गुण दुरुस्त केले की रंगही त्याच क्षणी बदलतो; कागदावर ओढलेल्या रेघेला हे कधीच साधले नव्हते.

दुसऱ्या फाट्याला वाट मिळाली ती एक्सेल २००७ मध्ये. तीन अटींची मर्यादा गेली आणि रंगांची चढण, चिन्हांचे संच व खणात आडव्या पसरणाऱ्या पट्ट्या आल्या. तीन रंगांच्या चढणीत सर्वांत लहान, मधला आणि सर्वांत मोठा आकडा हे टप्पे मूळ मांडणीत धरलेले असतात, म्हणून सर्व विद्यार्थ्यांना ९० च्या वर गुण असले तरी त्यांतला शेवटचा ‘वाईट’ रंगातच दिसतो. पट्ट्यांचा दोष याहून गंभीर होता: शून्यालाही थोडी लांबी मिळे, त्यामुळे लांबीचे आकड्याशी प्रमाण राहत नसे. एक्सेल २०१० ने तो सुधारला आणि ऋण आकड्यांची पट्टी अक्षाच्या उलट बाजूला नेली.

अट कोणत्या आकड्यावर ठेवायची, हे मात्र आजही तक्ता करणाऱ्यानेच ठरवायचे असते आणि पाहणाऱ्याला रंग दिसतो, अट दिसत नाही. म्हणून रंगवलेला तक्ता दुसऱ्याच्या हाती देताना ती अट शीर्षकाखाली शब्दांत लिहावी आणि ज्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही त्यांच्यासाठी निळ्या-नारिंगीसारखी जोडी निवडावी.