चिंच : औषध, अन्न आणि खळ (सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भाने)

सोलापूर जिल्ह्याच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचा विचार सामान्यतः ज्वारी, कापूस आणि गिरण्या यांच्या अनुषंगाने केला जातो. चिंचेच्या झाडास त्यात स्थान मिळत नाही. ते हंगामी पिकाप्रमाणे पेरले जात नाही, वाढल्यावर त्यास पाणी द्यावे लागत नाही आणि बहुधा ते बांधावर, वाटेच्या कडेला किंवा देवळासमोर उभे असते. त्यामुळे पिकांच्या तक्त्यांत त्याची गणना सहसा होत नाही. तथापि दक्षिण सोलापुरातील चिंचपूर, माढा तालुक्यातील चिंचगाव, मोहोळ तालुक्यातील चिंचोळी ही ग्रामनामे पाहिली म्हणजे या अवर्षणप्रवण प्रदेशात हे झाड किती परिचयाचे होते याची साक्ष पटते. चिंचेच्या उपयुक्ततेसंबंधी ग्रंथांनी काय सांगितले आणि या प्रदेशातील लोकव्यवहाराने काय जतन केले, या दोहोंची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाव आणि ग्रंथपरंपरा

वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते चिंचेचे मूळ आफ्रिकेत आहे. मात्र ती भारतात इतक्या प्राचीन काळी रुजली की, अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंद’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर असे म्हटले आणि लिनियसने १७५३ साली ‘टॅमरिंडस इंडिका’ हे नाव देऊन तोच समज शास्त्रीय परिभाषेत कायम केला. संस्कृतात तिला अम्लिका, चिंचा, तिंतिडी अशी नावे आहेत. येथे अभ्यासकाने सावध असावे; कारण ‘तिंतिडीक’ हा शब्द सर्वत्र चिंचेचाच वाचक असतो असे नाही, आणि ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकम हे तर निराळेच फळ होय. नावावरून गुण जोडण्यापूर्वी वनस्पतीची निश्चिती करणे अगत्याचे आहे.

सोळाव्या शतकातील भावप्रकाशात कच्ची चिंच जड, वातहारक परंतु पित्त, कफ व रक्त यांना वाढविणारी, तर पिकलेली चिंच दीपन, सारक, उष्ण आणि कफवातनाशक मानली आहे. एकाच फळाचे अवस्थाभेदाने गुण वेगळे मानण्याची ही दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. साधारण त्याच काळात, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता याचा वनौषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. ज्या बुऱ्हाण निजामशहाचा सोलापूरच्या किल्ल्यासाठी विजापूरकरांशी कलह चालला, त्याच्या दरबारी या पोर्तुगीज वैद्याची ये-जा होती. चिंचेचा खजुराच्या झाडाशी काही संबंध नाही हे त्याने स्पष्ट केले आणि तिच्या सारक गुणाची नोंद केली. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश औषधसंहितेतील सोनामुखीच्या अवलेहात चिंचेचा गर अधिकृतपणे समाविष्ट होता. आयुर्वेद आणि युरोपीय वैद्यक यांचे या एका गुणाविषयी एकमत आहे.

२. ख्याती आणि प्रमाण

दुसऱ्या एका ख्यातीची मात्र परीक्षा करावी लागते. युरोपीय दर्यावर्दी दीर्घ प्रवासात चिंच बरोबर नेत व स्कर्व्ही या रोगावर तिचा उपयोग होतो असे मानीत. आधुनिक पृथक्करणाप्रमाणे १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व केवळ ३ ते ४ मिलिग्रॅम आढळते. लिंबाच्या व आवळ्याच्या मानाने ते अत्यल्प होय. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा असून त्याचा या जीवनसत्त्वाशी संबंध नाही. आंबट ते सर्व एकाच गुणाचे, हा तर्क येथे फसला. उलट पोटॅशियम सुमारे ६०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे ९० मिलिग्रॅम आणि ब-१ जीवनसत्त्व ही गराची खरी जमेची बाजू. तथापि त्यात साखरही शंभरात पन्नास भागांहून अधिक असते, हे आरोग्यविषयक लोकप्रिय लेखनात बहुधा सांगितले जात नाही. शिवाय आमटीत पडणारी चिंच काही ग्रॅमच असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

हैदराबाद येथील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शाळकरी मुलांना १८ दिवस रोज १० ग्रॅम चिंच देण्यात आली, तेव्हा मूत्रावाटे फ्लोराइड बाहेर पडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आढळत असल्याने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु प्रयोगातील मुलांची संख्या अल्प होती, ही मर्यादाही विसरता कामा नये.

स्वयंपाकघरातील परंपरेने स्वतःची दक्षता बाळगली होती. पितळेच्या भांड्यात चिंच घातलेला पदार्थ ‘कळकतो’, म्हणून भांड्यांना कल्हई करीत आणि सार, चिंचवणी यांसारखे पदार्थ कल्हईच्या भांड्यात करीत. आम्लाचा धातूवर होणारा परिणाम येथे एका क्रियापदात नोंदला गेला आहे. सोलापुरात ही परंपरा एकभाषिक नाही. मराठी घरातील चिंच, कन्नड घरातील हुणसे आणि तेलंगणातून विणकामासाठी येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली घरांतील चिंतपंडु एकाच बाजारातून येते. एक आमटीत पडते, एक सारूमध्ये, तर एक पुळिहोऱ्यात.

३. चिंचोक्याचा इतिहास

ग्रंथांनी गराचे गुणगान केले. चिंचोक्याकडे मात्र त्यांचे लक्ष तुलनेने कमी गेले. गरिबाच्या व्यवहारात मात्र त्याला मोल होते. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळला. चिंचोके भाजून किंवा भिजवून, त्यांचे टरफल काढून केलेले पीठ हे भारतातील दुष्काळी अन्नांपैकी एक म्हणून नोंदले गेले आहे. टरफलात टॅनिन असून ते पोटास बाधते आणि आतल्या डाळीत शंभरात पंधराच्या आसपास भाग प्रथिने असतात; म्हणजे टरफल काढण्याची रीत ही केवळ चवीची बाब नव्हती.

दुसरा उपयोग घोंगडीचा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या माणदेशालगतच्या भागांत धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात आणि धनगर-सनगर विणकर तिची घोंगडी विणतात. लोकरीचा ताणा मऊ व केसाळ असल्याने मागावर तो तुटू नये म्हणून त्यास चिंचोक्याची खळ कुंच्याने देतात. चिंचोके भिजवून, वाटून व शिजवून केलेली ही खळ वाळली म्हणजे धाग्यास ताठरपणा येतो. हीच गोष्ट प्रयोगशाळेने बऱ्याच उशिरा ओळखली. टी. पी. घोष व एस. कृष्ण यांनी १९४२ साली सोललेल्या चिंचोक्यात सुमारे ४६ ते ४८ टक्के द्रव्य जेलीसारखे घट्ट होणारे असल्याचे दाखविले. युद्धकाळात धान्याच्या स्टार्चची टंचाई असता चिंचोक्याचे पीठ देशातील कापड व ताग गिरण्यांत खळीसाठी वापरात आले. आज याच द्रव्याचा, झायलोग्लुकॅनचा, उपयोग कोरड्या डोळ्यांवरील थेंबांतही केला जातो.

४. निष्कर्ष

एवंच, चिंचेचा इतिहास दोन साधनांतून वाचावा लागतो. गराविषयी निघंटू व औषधसंहिता बोलतात. चिंचोक्याविषयी विणकराचा कुंचा आणि दुष्काळातील जाते बोलते. पहिल्या साधनाची चिकित्सा झाली आहे, दुसऱ्याचे संकलन फारसे झालेले नाही. बार्शीच्या बाजारात आजही मोसमात चिंचेची मोठी उलाढाल होते आणि ती फोडून चिंचोके वेगळे करण्याचे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातून होते. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु रस्ता रुंदीकरणात जुनी झाडे जात आहेत आणि हाताने घोंगडी विणणारे विणकर कमी होत आहेत. ग्रंथ शंभर वर्षांनीही उघडता येईल. खळ किती शिजवावी हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे, त्यांना मात्र आताच विचारावे लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बार्शी, सांगोला व मंगळवेढा या तालुक्यांत क्षेत्रकार्य करून हे ज्ञान मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवावे, ही या विषयाची तातडीची गरज आहे.