सुप्याचा हौद

शाळेत असताना हौद आणि नळांच्या गणिताची मला भारी धास्ती. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? हे गणित साहेबाच्या पुस्तकांतून आलं असावं, अशी माझी समजूत होती. पुढे कळलं की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ते 1150 च्या सुमाराला आलेलं आहे. तिथं नळांऐवजी चार झरे आहेत. एक झरा विहीर एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. म्हणजे दिवसाला ते 1, 2, 3 आणि 6 विहिरी भरतील, मिळून 12. उत्तर दिवसाचा बारावा भाग: पाच घटिका, आपले दोन तास.

हे गणित पुन्हा आठवलं ते जोयडा तालुक्यातल्या गणेशगुडीला. तिथलं काळी नदीवरचं सुपा धरण 101 मीटर उंच आहे. 1974 साली काम सुरू झालं आणि 1987 साली संपलं. जलाशयाची क्षमता सुमारे 147 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आपल्या साळावलीसारखी जवळजवळ अठरा धरणं त्यात मावतील!

मग हा हौद भरायला किती वेळ? समजा, सेकंदाला 10,000 घनफूट पाणी अखंड आत येतंय. दिवसाला 86 कोटी घनफूट झालं. या हिशेबानं रिकामा हौद भरायला 170 दिवस लागतील, आणि पावसाळा तर चार महिन्यांचा. शिवाय वीज करायला खालून पाणी सुटतच असतं, म्हणजे गणितातला तो गळका नळही इथं आहेच. म्हणूनच साळावली बहुतेक पावसाळ्यांत ओसंडते, पण सुपा दरवर्षी भरत नाही. एका वर्षाचं उरलेलं पाणी पुढच्या वर्षाच्या कामी येतं.

आणखी एक गोष्ट शाळेतल्या हौदात नसते. त्याच्या भिंती सरळ, त्यामुळे पाणी सारख्या वेगानं चढतं. नदीचं खोरं मात्र कढईसारखं, तळाला अरुंद आणि वर पसरट. तेवढ्याच पाण्यात तळाचा एक मीटर झपाट्यानं भरतो. वरचा मीटर भरायला कितीतरी जास्त पाणी लागतं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव तळालाच होतं. धरण काठोकाठ भरण्याची वाट त्याला पाहावीच लागली नाही. तालुक्याचं ते मुख्य ठिकाण, पण पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या.

आपल्या कुर्डीचं दुखणं गोमंतकीयांना ठाऊक आहे. ते गाव निदान उन्हाळ्यात वर येतं. माणसं जातात, देवळापाशी जमतात. सुप्याच्या लोकांना तो दिलासाही नाही.

गणितातला हौद नेहमी रिकामा असतो. भरायला किती वेळ लागेल एवढंच विचारायचं, आत कोण राहतं हा प्रश्न नसतोच. अनमोड घाट चढून बेळगावला जाताना रामनगर लागतं. आपण तिथं चहाला थांबतो आणि पुढे जातो. सुप्याहून उठलेल्या कित्येक कुटुंबांना याच रामनगरात वसवलं. पुढच्या खेपेला थांबाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहा, सुप्यात तुमचं घर कुठं होतं म्हणून.