जुन्या जीपचा सेल्फ



जुनी जीप सुरू होत नाही म्हटले की पहिला आरोप येतो तो सेल्फवर. मिस्त्री येतो, इंजिनाच्या कडेचे ते नळकांड्यासारखे यंत्र उतरवले जाते, दुरुस्त केले जाते किंवा बदलूनच टाकले जाते; आणि आठ-पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोच जीप पुन्हा अंगणात अडून बसते. ज्यांच्या घरी किंवा मळ्यावर अशी एखादी जीप अजून नांदते आहे, त्यांच्या हे परिचयाचे असेल. सेल्फचा जन्म कोणत्या युक्तीतून झाला हे ध्यानात घेतले, तर त्याचा दोष कोठे शोधावा हेही उमगते. आणि तो दोष पुष्कळदा सेल्फमध्ये नसतोच, एवढे आज मला सांगावयाचे आहे.

मोटारगाडीच्या आरंभकाळी इंजिन सुरू करावयाचे म्हणजे गाडीसमोर वाकून हँडल मारावयाचे. हे काम कष्टाचे होतेच, पण धोक्याचेही होते. सिलिंडरमधील दट्ट्या पुरता वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडली, तर इंजिन उलट दिशेने झटका घेते आणि हँडल उसळून मागे येते. त्या झटक्याने मनगटे मोडत. बायरन कार्टर हे अमेरिकेतील मोटार-उत्पादक १९०८ साली वारले, ते एका अडलेल्या गाडीचे हँडल मारताना झालेल्या इजेमुळे, अशी कथा मोटारींच्या इतिहासात सांगितली जाते. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या मनाला ही गोष्ट लागली, आणि हँडलावाचून सुरू होणारी गाडी त्यांना हवी झाली.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवावे, ही कल्पना काही नवी नव्हती. परंतु हिशेब करणारे म्हणत की, एवढे जड इंजिन फिरवणारी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल. हा हिशेब ओहायो राज्यातील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी मोडून काढला. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. तिथे त्यांनी पाहिले होते की, काम क्षणभराचेच असेल तर लहान मोटरीवर तिच्या कुवतीबाहेरचा भार खुशाल टाकता येतो. ती तापून जळण्यापूर्वी तिचे काम आटोपलेले असते. हेच त्यांनी मोटारगाडीला लागू केले. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या सेल्फसह बाजारात आल्या. फोर्डच्या मॉडेल टी या सामान्यांच्या गाडीला मात्र सेल्फ मिळावयास १९१९ साल उजाडावे लागले. श्रीमंतांची मनगटे आधी वाचली, असेच म्हणावयाचे.

सेल्फ हे असे कुवतीबाहेर राबणारे यंत्र आहे, ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. ते थोडा वेळ चालते, पण त्या थोड्या वेळात विजेचा फार मोठा घोट घेते. म्हणून त्याचे बटण दहा-पंधरा सेकंदांपलीकडे दाबून धरू नये, आणि मध्ये त्याला निवावयास वेळ द्यावा. म्हणूनच त्याच्याकडे जाणारी वाट रुंद व निर्वेध हवी.

पुढे आणखी एक कोडे सुटावयाचे होते. मोटरचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडीत, अडकावे कसे आणि इंजिन सुरू होताच सुटावे कसे? व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाने त्याला साधे उत्तर दिले. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे, आणि त्या आट्यांवर सैल बसवलेले दातेरी चाक. दांडा एकाएकी फिरू लागला की ते चाक जडत्वामुळे मागे राहते आणि आट्यांवरून सरकत जाऊन कडीच्या दातांत शिरते. इंजिन पेटून वेगाने फिरू लागले की तेच चाक उलट ढकलले जाऊन आपल्या जागी परतते. १९१४ सालापासून ही रचना मोटारींवर दिसू लागली, आणि आपले मिस्त्री आजही या भागाला त्या संशोधकाच्या नावानेच ओळखतात. त्यांपैकी फारच थोड्यांना ते एका माणसाचे नाव आहे हे ठाऊक असेल.

आता जीपकडे वळू. अमेरिकन लष्कराने १९४० च्या जुलैत हलक्या, चारी चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली, आणि बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना उभा केला. पण मोठे काम गेले ते विलिस व फोर्ड या कंपन्यांकडे. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे १९४९ साली महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे सरकारी दौरे, धरणांची कामे, जंगलखाते, मळे या सर्व ठिकाणी ती गाडी पोहोचली.

युद्धकाळच्या त्या साध्या जीपची वीज सहा व्होल्टची. चालकाच्या पायाशी एक बटण असे. ते दाबले की बॅटरीतील सारी वीज त्या बटणातील तांब्याच्या चकत्यांतून थेट सेल्फकडे धावे. इथे थोडे गणित केलेच पाहिजे. सेल्फने २०० अँपिअर वीज घेतली आणि वाटेत कोठे गंजाने किंवा सैल जोडाने एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा निर्माण केला, तर तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. सहांतून दोन गेले, उरले चार. म्हणजे एक तृतीयांश दाब वाटेतच हरवला. बारा व्होल्टच्या गाडीत तेच काम १०० अँपिअरमध्ये होते; तिथे तोच अडथळा बारांतला एकच व्होल्ट खातो. सहा व्होल्टची जीप गंजाच्या बाबतीत एवढी नाजूक का, याचे हे कारण. जाड तारेच्या जागी नव्या गाडीची बारीक तार बसवली की तिची पंचाईत होते ती याचमुळे.

तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी दिवे लावावेत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून समोरचे दिवे पेटवावेत आणि सेल्फचे बटण दाबून दिव्यांकडे पाहावे. दिवे तसेच लखलखत राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, किंवा आत शिरून फिरत नाही. पायाचे बटण, तारांचे जोड, आणि त्यानंतर सेल्फमधील झिजलेले कार्बन हे संशयित. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी दुबळी आहे, तिच्या टर्मिनलवर गंज आहे, किंवा सेल्फ जागीच अडकून नुसती वीज पीत आहे. सेल्फ आत घरघरत फिरतो पण इंजिन हलत नाही, असे झाले तर दोष विजेचा नव्हेच. बेंडिक्सच्या आट्यांवर धूळ आणि तेल यांचा चिकटा साचून चाक सरकेनासे झाले आहे, किंवा त्याची स्प्रिंग मोडली आहे. चिकटा असेल तर आटे रॉकेलने धुवावेत आणि कोरडे ठेवावेत. प्रेमाने ग्रीस लावणारे लोक तिथे धूळ पोसतात.

चाक दातांत अडकून बसले असेल, तर जुन्या चालकांची एक युक्ती उपयोगी पडते. इग्निशन बंद करावे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि ती मागे-पुढे हलवावी. पुष्कळदा एक खट्ट आवाज होऊन चाक सुटते.

वीज जशी बॅटरीतून निघते तशी ती परतही आली पाहिजे, याचा मात्र सर्रास विसर पडतो. जीपचे इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या पट्टीची जोडणी असते. आमच्या बेळगावकडील एका शेतकऱ्याच्या जीपचा सेल्फ एकाच पावसाळ्यात तीनदा उतरवला गेला. चोकची तार हाताला चटका देत असे, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती पट्टी तुटली होती, आणि सेल्फची सारी वीज परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या चोकच्या तारेतून जात होती. पट्टी नवी बसवली, तेव्हा तीनदा दोषी ठरलेला तोच सेल्फ निमूट चालू लागला. त्या शेतकऱ्याचे पैसे मात्र तीनदा गेले, आणि तेही पेरणीच्या दिवसांत.

ज्याच्याजवळ व्होल्टमीटर आहे त्याने तर अंदाजावर विसंबू नये. साथीदाराला सेल्फ दाबावयास सांगून मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या टोकावर धरावी. मग बॅटरीची दुसरी खुंटी आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये तशीच धरावी. एका व्होल्टच्या दोन-तीन दशांशांपलीकडे काटा गेला, तर त्या वाटेवर कोठे तरी चोरी होते आहे. तार खुंटीवरच धरावी, तिच्यावरच्या पकडीवर नव्हे, कारण चोर बहुधा त्या दोहोंच्या मध्येच दडलेला असतो. बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये. ती भरताना जो वायू निघतो तो पेट घेणारा असतो.

आणि सेल्फ खरोखरच बंद पडला व हँडल मारण्याची वेळ आली, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हँडलाभोवती वळवू नये, आणि झटका खालून वर ओढून द्यावा. मग हँडल उसळलेच तर ते हातातून निसटून जाते, अंगठा घेऊन जात नाही. घरातील पोराला हे काम सांगणाऱ्याने तरी एवढे अवश्य दाखवावे.

अलीकडे कित्येक हौशी मालक जुन्या जीपला बारा व्होल्टची बॅटरी लावतात आणि सेल्फ सहा व्होल्टचाच राहू देतात. तो चालतो, जोरातही चालतो. पण बेंडिक्सचे चाक त्या जोराने कडीच्या दातांवर आदळते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोनच जागी थांबते, त्यामुळे कडी समोरासमोरच्या दोन जागी अधिक झिजते, आणि त्या जागी चाक नुसते खरखरत राहते. कडी काढावयाची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जाणते मिस्त्री मग नवी कडी न आणता जुनीच तापवून सैल करतात, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवतात, आणि न झिजलेले दात सेल्फसमोर आणून ठेवतात.