सनद आणि लेखणी

माधवनगराहून सांगलीच्या न्यायालयांत नित्य जाणारे एक तरुण वकील आमच्या शेजारीं राहतात. रात्रीं बारा वाजले तरी त्यांच्या खोलींतील दिवा जळत असे, आणि उद्यांच्या खटल्याचा अभ्यास चालला असावा असा आमचा पुष्कळ दिवस समज होता. पुढें त्यांनींच हंसत सांगितलें कीं, तो वेळ समाजमाध्यमांवरील वादांत जातो. देशांत कोठेंहि निकाल लागो, त्यावर यांचा अभिप्राय, त्यास कोणाचें तरी उत्तर, आणि उत्तरास यांचें प्रत्युत्तर! आम्हीं नापसंति दर्शविली तेव्हां ते म्हणाले, "वकिलानें सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये काय, सर?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आम्हीं इतिहासांत शोधलें, आणि तें या आमच्याच मुलखांतील दोन माणसांच्या चरित्रांत सांपडलें.

पहिले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. त्यांचा जन्म साताऱ्यास १८२८ सालीं झाला. पुण्यास वकिली करीत असतां १८७० सालीं सार्वजनिक सभेच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यास खटला चालला. बंडखोराचें वकीलपत्र घेणें म्हणजे सरकारची वक्रदृष्टि ओढवून घेणें होय. तथापि काका बचावास उभे राहिले. फडक्यांस जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण आरोप कितीहि भयंकर असो, आरोपीची बाजू नीट मांडली गेली पाहिजे, हें मत काकांनीं वकीलपत्र घेऊनच मांडलें.

दुसरे नरसिंह चिंतामण केळकर. घराणें मिरजेचें. १८९४ सालीं एल्एल्. बी. होऊन त्यांनीं साताऱ्यास वकिली आरंभिली. परंतु १८९६ सालीं लोकमान्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि टिळकांचा कायद्याचा वर्ग व 'मराठा' पत्र यांच्या कामास लागले. १९०८ सालीं टिळकांस शिक्षा झाली. त्या खटल्यासंबंधीं 'मराठा'मध्यें आलेल्या लेखनाबद्दल मुंबईच्या हायकोर्टानें केळकरांस बेअदबीबद्दल १४ दिवसांची साधी कैद व १,००० रुपये दंड सुनावला. एकानें सनद सार्वजनिक कामीं लाविली, दुसऱ्यानें ती बाजूस ठेवून लेखणी धरिली; पण आपल्या शब्दाची किंमत दोघांनींहि स्वतःच्या पदरची मोजली. आमच्या शेजाऱ्यांच्या रात्रीच्या अभिप्रायांची किंमत कोण मोजतो, हाच खरा प्रश्न आहे.

न्यायालयांत वकिलाच्या शब्दास जें वजन असतें तें त्याच्या एकट्याचें नसतें. त्यानें दप्तर वाचलेलें असतें. चूक दाखविण्यास प्रतिपक्षाचा वकील टपलेला असतो. वावगें बोलल्यास न्यायाधीश तेथल्या तेथें अडवितात. या तीन बंधनांनीं त्याची वाणी घडते. नव्या माध्यमांत यांपैकीं एकहि बंधन नाहीं. ज्या खटल्याचा एक कागदहि पाहिला नाहीं त्याचा निकाल तेथें दोन ओळींत देतां येतो, आणि नांवामागें 'ॲडव्होकेट' हा शब्द असल्यामुळें सामान्य वाचक तो खरा मानतो. सनदेची पत अशा रीतीनें उधार वापरली जाते.

हा धोका आपल्या व्यवसायानें फार पूर्वीं ओळखला होता. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याखालीं बार कौन्सिलनें जे नियम केले, त्यांतील ३६ वा नियम वकिलास जाहिरात करण्याची मनाई करतो. स्वतः चालविलेल्या खटल्यासंबंधीं वर्तमानपत्रांतून मतें प्रसिद्ध करविणें किंवा आपलें छायाचित्र छापविणें हेंहि त्यांत निषिद्ध आहे. वर्तमानपत्राच्या जागीं खिशांतील दूरध्वनि आला, म्हणून नियमाचें मर्म बदलत नाहीं.

यावर कोणी प्रशांत भूषण यांचा दाखला देईल. २०२० सालीं ट्विटरवरील त्यांच्या दोन टिप्पण्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. त्यांतील एक टिप्पणी नागपुरास मोटारसायकलीवर बसलेल्या सरन्यायाधीशांच्या छायाचित्रावर होती. भूषण यांनीं माफी मागण्यास नकार दिला. दंड झाला एक रुपया, आणि तो न भरल्यास तीन महिने कैद व सर्वोच्च न्यायालयांत तीन वर्षें वकिलीस बंदी. ती टीका योग्य कीं अयोग्य याविषयीं मतभेद राहतील. पण ती स्वतःच्या नांवानें केलेली होती, आणि तिच्यापायीं सनद पणास लागली तरी ते मागें हटले नाहींत. अशा टीकेस आमचा विरोध नाहीं. न्यायसंस्थेवर बोलण्याचा अधिकार वकिलानें गमावला, तर तिचे दोष जाणणारा दुसरा कोण उरला?

आमचें म्हणणें इतकेंच कीं, बोलणाऱ्यानें आपल्या शब्दाचा भार आपण वाहावा. रोजच्या फुकट वादाचा भार वकिलावर पडत नाहीं; तो पडतो पहाटेच्या एस. टी. नें गांवाहून येऊन, कागदांची पिशवी छातीशीं धरून कोर्टाच्या ओट्यावर बसलेल्या अशिलावर. रात्रीं त्याचे कागद वाचावयाचे राहून गेले, म्हणून सकाळीं पुढची तारीख मागितली जाते. त्याची मजुरी बुडते, तो परत जातो, आणि आपल्या वकिलानें काल रात्रीं कोणता मोठा वाद जिंकला हें त्याच्या गांवींहि नसतें. सार्वजनिक प्रश्नांवर वकिलानें अवश्य बोलावें. पण ओट्यावरचा तो मनुष्य हाहि सार्वजनिक प्रश्नच आहे, आणि त्याच्यावर बोलण्याची फी वकिलानें आधींच घेतलेली आहे.